लाल गोलातलं नाव

समोरचा माणूस खोटं बोलतोय हे मला चेहऱ्यावरून कळतं, असा माझा तिशीपर्यंत ठाम समज होता. पर्सोनेल खात्यात काम करणाऱ्या प्रत्येकाचाच असतो. रजेचा अर्ज घेऊन टेबलासमोर उभा राहिलेला माणूस कोणत्या काकांना कितव्यांदा स्मशानात पोहोचवून आलाय, याची आमच्याकडे तोंडपाठ यादी असायची. मी चष्म्यावरून एकदा बघायची आणि सही करायची किंवा करायची नाही. माझी नजर म्हणे फार तिखट होती. मला त्याचा गर्वही होता, खोटं कशाला बोलू.

पनवेलजवळच्या कोन गावाच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून जरा आत, एका औषधांच्या कारखान्यात मी कारकून होते. हे घडलं ते नव्वद सालानंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांत. सकाळी पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोरून कंपनीची बस सुटायची आणि त्या स्टाफच्या बसमध्ये मी एकटी बाई. बाकीच्या बायका होत्या त्या पॅकिंगला. त्या कोन आणि आसपासच्या गावांतून पायी यायच्या. स्टाफमध्ये एकटी बाई असण्याचा अर्थ असा, की बायकांचं म्हणून जे काही निघेल ते तुमच्या गळ्यात. सुटीच्या वेळी गेटवर पॅकिंगच्या बायकांची झडती घ्यायला वॉचमनची बायको होती. ती माहेरी गेली की झडती मी घ्यायची. पदराच्या गाठी, डब्याची झाकणं, सगळं तपासायचं. बायका हात वर करून उभ्या राहायच्या आणि माझ्याशी भाजीच्या गप्पा मारायच्या. त्यांना त्याचं काही वाटत नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

त्या बायकांमध्ये एक होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. चाळिशीची असेल. कोन गावातली, आगरी, अंगाने काटक, बोलायला फटकळ. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिचा भरतीचा फॉर्म मी भरला होता. तेव्हापासून ती टेंपररी. दर काही महिन्यांनी ब्रेक द्यायचा आणि पुन्हा घ्यायचं, हा कंपनीचा नेहमीचा खेळ. आठ वर्षं ती तो खेळ खेळत होती. आता मात्र नव्या वर्षात कायम करायच्या बायकांची यादी निघणार होती आणि तिचं नाव त्यात सर्वांत वर होतं. ती यादी मीच टाइप केली होती, म्हणून मला माहीत.

"कायम झालं का पाटी कायमची उतरली डोक्यावरची," ती म्हणायची. कंपनीत येण्याआधी ती उरणजवळच्या करंजा गावात दिलेल्या बहिणीकडून सुकी मासळी आणायची आणि पाटी डोक्यावर घेऊन पनवेलभर दारोदार विकायची. मानेचा एक मणका त्यात गेला होता. तिला पाटी पुन्हा उचलायची नव्हती, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या डिसेंबरात पॅकिंगमधून कॅप्सूलची पाकिटं गायब झाली. महागडं अँटिबायोटिक होतं ते. एक खोकं गेलं, पंधरवड्याने दुसरं. हेड ऑफिसहून फोनवर फोन सुरू झाले. आमचे मॅनेजर साहेब निवृत्तीला आलेले, सज्जन, कोणाला मोठ्याने बोलायचे नाहीत. त्यांच्या कपाळावर आठ्या बसल्या त्या जाईनात. आणि नेमक्या त्याच वेळी, जणू कोणी आमंत्रणच धाडलं असावं तसा, मुंबईहून एक विक्रेता येऊन टपकला. सफारी सूट, हातात काळी पेटी. पेटीत खोटं पकडायचं मशीन.

त्याने पेटी साहेबांच्या टेबलावर उघडली तेव्हा आम्ही सगळे दाराशी गोळा झालो होतो. छातीला बांधायची रबरी नळी, दंडाला गुंडाळायचा ब्लडप्रेशरसारखा पट्टा, बोटांना लावायच्या दोन धातूच्या पट्ट्या. सरकणारा कागद आणि त्यावर तीन पेनं. त्याने पत्त्यांतली सात पानं काढली. साहेबांना एक मनात धरायला सांगितलं आणि प्रत्येक पानाला "हे नाही" म्हणायला लावलं. मग कागद बघून त्याने साहेबांचं पान बरोबर ओळखलं. किलवरची राणी. आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर मी हे नवऱ्याला रंगवून सांगितलं. तो पनवेलच्याच एका शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याला मी नावाने हाक मारते, लग्नाच्या पहिल्या दिवसापासून. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खपलं नाही. तो म्हणाला, "पत्ते त्याचे होते ना? मग तो खेळ जत्रेत कोणीही करून दाखवेल." मी चिडले. तो पुढे म्हणाला, "अगं, मशीनला घाम कळतो. घाम कशाचा, ते त्याला कसं कळणार?" अमेरिकेत कंपन्यांना नोकरांवर हे मशीन चालवायला कायद्याने जवळजवळ बंदीच आणली आहे, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. तिकडचं गिऱ्हाईक तुटलं म्हणून आता इकडे दुकान मांडत असतील, असा त्याचा तर्क. मास्तरांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी खुसपट काढायचंच असतं, असं म्हणून मी भाकऱ्या थापायला गेले.

विक्रेत्याला माझी गरज पडली, कारण बायकांना नळ्या बांधायला बाई हवी होती. शिवाय त्याला प्रत्येकीच्या फाइलमधून चार प्रश्न हवे होते, ज्यांचं उत्तर नक्की "हो" असेल असे. त्या खऱ्या उत्तरांच्या रेघा बघायच्या, मग पाचवा प्रश्न चोरीचा, आणि रेघ कुठे उडते ते पाहायचं. मी त्याच दुपारी फाइली काढून सगळ्या बायकांचे तक्ते टाइप करून दिले. नाव, गाव, खातं, नवऱ्याचं नाव. आणि पाचवा प्रश्न. साहेब म्हणाले, "व्हेरी गुड." मी खूश झाले.

आता हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं. कारण मावशीचा फॉर्म भरताना काय झालं होतं ते मला स्वच्छ आठवत होतं. नवऱ्याचं नाव विचारल्यावर ती गप्पच बसली होती. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून. तिने पदर डोक्यावर ओढला आणि शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं. त्या बाईने माझ्या कानाशी येऊन नाव सांगितलं. मावशी तेवढ्यातही दुसरीकडे बघत होती. तिच्या पिढीच्या बायका लग्नात, मंगळागौरीत उखाण्यातून काय घेतील तेवढं. एरवी नवऱ्याचं नाव ओठावर आणायचं नाही आणि परक्या पुरुषाच्या तोंडून ते उघडं ऐकून घ्यायचं नाही. मी ती गोष्ट घरी येऊन हसत हसत सांगितली होती. आणि आठ वर्षांनी तेच नाव चौथ्या क्रमांकावर टाइप करून, कडक इस्त्रीच्या विक्रेत्याच्या हातात दिलं.

चहाच्या वेळी तो माझ्याशी मोकळेपणाने बोलायचा. "मॅडम, मशीन नुसतं दाखवायचं. अर्धे लोक बघूनच कबूल होतात."

"आणि कोणीच झालं नाही तर?"

"एक तरी निघतोच. नाही निघाला तर साहेब मशीन घेतील कशाला?"

तो हसला. मीही हसले. हे मी लपवणार नाही.

पहिल्या दिवशी दहा-बारा जणी झाल्या. कोणी रडल्या, कोणी देवाच्या शपथा घातल्या, एकीने मशीनलाच हात जोडले. तरुण पोरींपैकी बऱ्याच जणींना नवऱ्याच्या नावाचं काही वाटलं नाही. कुठलीच रेघ विक्रेत्याच्या मनासारखी उडत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो घड्याळ बघायला लागला होता. साहेब दोनदा डोकावून गेले. मग मावशी आली.

मी तिला खुर्चीत बसवलं. नळी बांधताना तिने हळूच विचारलं, "बाय, करंट तं नाय ना लागाचा?" मी नाही म्हटलं. दंडाला पट्टा, बोटांना पट्ट्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवायचे, हलवायचे नाहीत.

पहिले तीन प्रश्न नीट गेले. पेनं आपली संथ चालली होती. मग विक्रेत्याने चौथा वाचला. मागेपुढे भाऊ नाही, राव नाही, नुसतं नाव. हजेरीपटावरचं वाचावं तसं. "तुमच्या नवऱ्याचं नाव अमुक आहे का?"

मावशीचा हात पदराकडे उचलला गेला आणि नळ्यांनी मागे ओढला. पदर डोक्यावरून खांद्यावर घसरला होता. तिने माझ्याकडे बघितलं. तो पदर मी वर घ्यावा, एवढंच त्या बघण्यात होतं. माझा हात पुढे झालाही. "मॅडम, टच नाही करायचं," विक्रेता म्हणाला, आणि मी हात मागे घेतला. तिने मान डोलावली. "मान नाही, तोंडाने बोला. हो की नाही?" तिचा चेहरा कानापर्यंत तापला. पेनं कागदावर वेडीवाकडी नाचायला लागली होती, एक तर थेट वरच्या काठाला जाऊन टेकलं. शेवटी ती पुटपुटली, "हा." पेन खाली यायच्या आत विक्रेत्याने पाचवा प्रश्न वाचून टाकला. पाकिटं तुम्ही घेतली का?

"नाय," ती म्हणाली. लगेच, स्पष्ट, नेहमीच्या आवाजात. पेन अजून वरच होतं.

त्याने कागद फाडून घेतला, लाल पेन्सिल काढली आणि त्या उंच रेघेभोवती गोल केला. शेजारी पाचचा आकडा लिहिला.

मी तिथेच उभी होते. रेघ चारवर चढली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. का चढली हेही त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. साहेब आत आले, म्हणाले, "सापडलं?" विक्रेता म्हणाला, "रेघ बोलते साहेब." मी बोलले नाही. बोलायचं तर आधी सांगावं लागलं असतं की चौथा प्रश्न मी घातला, तिचं वागणं माहीत असून घातला. परवाच मला "व्हेरी गुड" मिळालं होतं. एवढं क्षुल्लक कारण होतं. मला धमकी कोणी दिली नव्हती, नोकरीही जाणार नव्हती. फक्त साहेबांच्या नजरेत मी जरा मूर्ख ठरले असते.

मावशीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. टेंपररीला कारण द्यावं लागत नाही. ते सांगायचं कामही बायकांचं म्हणून माझ्याकडेच आलं. तिने भांडण केलं नाही, याचा मला जास्त त्रास झाला. "मशीन बोलली का तसं?" एवढंच विचारलं. मी "रिपोर्ट तसा आहे" असं काहीतरी म्हटलं. ती डबा घेऊन गेटकडे गेली आणि सवयीने झडतीसाठी हात वर करून उभी राहिली.

ती पाकिटं कुठे गेली, कोणी नेली, ते मला आजही माहीत नाही. मावशी गेल्यावर तिसरं खोकं गेलं नाही, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. मशीन दाखवल्यावर कोण कशाला पुन्हा हात लावेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि माझ्यासारखेच तेही गप्प बसले असतील. कंपनीने मशीनची ऑर्डर दिली.

मार्च-एप्रिलकडे टपालातून एक माहितीपत्रक आलं. गुळगुळीत, चार रंगांत छापलेलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की पनवेलजवळच्या एका औषध कारखान्यात अवघ्या दोन दिवसांत चोर सापडला. खाली रेघांचा फोटो. उंच गेलेली रेघ आणि तिच्याभोवती लाल गोल.

राग आधी विक्रेत्याचा आला, तो सोपा होता. मग माझा स्वतःचा आला. त्या गोलात चोरी नव्हतीच. त्या गोलात एका बाईच्या नवऱ्याचं नाव होतं, जे तिने उखाण्याशिवाय उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. आणि आता ते तिच्या चोरीचा पुरावा म्हणून गावोगावच्या कारखान्यांत टपालाने चाललं होतं. चार महिने मी जे गिळून बसले होते ते वर आलं. मी दुपारी जेवले नाही. सगळं जसं घडलं तसं एका कागदावर लिहिलं, माझी चूक पहिल्या ओळीत, आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला. "तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात?" मी त्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी तो कागद पेपरवेटखाली ठेवला. मग म्हणाले की हेड ऑफिस आता निकाल मागे घेणार नाही. पण तिने पुन्हा एकदा टेस्ट दिली, चौथा प्रश्न वगळून, आणि रेघ सरळ आली, तर ते यादीसाठी शब्द टाकतील. त्यांच्या हातात तेवढंच होतं, आणि त्यांनी ते मनापासून दिलं हे मी मानते.

मे महिना लागला होता. अगोटीचा बाजार भरलेला. पावसाळ्यात दर्यातली ताजी मासळी बंद होणार म्हणून सुकट, बोंबील, जवळा घरात भरून ठेवायची ती धांदल. मी पत्रक घेऊन पनवेलच्या उरण नाक्याकडे गेले. रस्त्याच्या कडेला बायका पाट्या मांडून बसल्या होत्या. त्यांच्यात मावशी होती. मान जरा तिरकी धरून बसली होती. बाजूला तिचा नवरा उकिडवा बसून विडी ओढत होता. त्याला मी पहिल्यांदाच पाहत होते. साधा, किडकिडीत, थोडा बहिरा वाटला.

"या बाय," ती म्हणाली. "काय देऊ?"

मी खाली बसले आणि ते पत्रक तिच्यासमोर धरलं. रेघ म्हणजे काय, गोल कशाचा, सगळं सांगितलं. ही उडी पाकिटांच्या प्रश्नाला नव्हती, त्याच्या आधीच्या प्रश्नाला होती, हे सांगितलं. तिने गोलाकडे बघितलं, मग डोळ्याच्या कोपऱ्यातून नवऱ्याकडे, आणि एकदम पदर डोक्यावर ओढून तोंड झाकून हसायला लागली. खूप हसली. नवरा म्हणाला, "काय झालं गो?" ती म्हणाली, "काय नाय, तुमी विडी ओडा."

मग मी साहेबांचा निरोप सांगितला. पुन्हा बसायचं, तो प्रश्न नसेल, मी स्वतः काढून टाकलाय. तिचं हसणं थांबलं.

"त्या खुर्चीव मी परत बसाची नाय."

"मावशी, यादीत नाव येईल. पाटी उतरेल."

"उतरंल. पन बाय, आठ वरसं मी तुमच्याम्होरं काम केलं. मना येकानं तरी इचारलं का? मशीनला इचारलं सगल्यांनी." तिने तराजू खाली ठेवला. "तुमी इचारा. हतंच इचारा."

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मला लाज वाटत होती, पण मी विचारलं. "मावशी, पाकिटं तुम्ही घेतलीत का?"

"नाय," ती म्हणाली. तोच आवाज. मी तो आधी एकदा ऐकला होता.

तिला परत घेतलं गेलं नाही, हे इथेच सांगून टाकते. मी फाइलमध्ये लिहून ठेवलं की समक्ष विचारले, नाही म्हणाली, आणि खाली सही केली. साहेब निवृत्त झाल्यावर ती फाइल कोणी उघडली नसावी. हल्ली पेपरात नवनवीन मशीनं वाचते, डोक्याला तारा लावायची, आवाजावरून ओळखायची. प्रत्येकाच्या मागे कोणीतरी पेटी घेऊन उभा असतो आणि त्याला एक तरी सापडावा लागतो.

पण त्या दिवशी उरण नाक्यावर मी उठणार, एवढ्यात मावशीने मला थांबवलं.

"तुमाला कवा कललं ह्ये? गोलाचं?"

हे पत्रक आल्यावर, असं म्हणता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता. माझ्या बोटांना काही बांधलेलं नव्हतं. ती फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मी रजेवाल्यांकडे बघायची तशी.

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "तुमच्याजवळ उभी होते तेव्हाच."

तिने पत्रक माझ्या हातातून घेतलं, अंगठ्याने चोळून बघितलं.

"गुलगुलीत हाय," ती म्हणाली. "सुकट बांधाला पन नाय चालाचा." आणि ते माझ्या हातात परत देऊन, माझ्या खांद्यावरून मागच्या बाईला म्हणाली, "तू बोल गो बाय, तुला काय देऊ?"